कणग्या ओट्यावर का आल्या

पांगरदऱ्यात नव्यानं येणाऱ्या पाहुण्याला वाटतं, की या गावची माणसं फार भोळी असावीत, नाहीतर चोरांपुढं त्यांनी हात टेकलेले असावेत. कारण इथं धान्याची कणगी घरात नसते. ती बाहेर ओट्यावर उभी असते, शेणानं सारवलेली, माणसाच्या छातीला लागेल एवढी, वर झाकण म्हणून एक सूप पालथं घातलेलं. रस्त्यानं जाणारा ओट्याशी थांबतो, हातातली काठी कणगीवर दोनदा आपटतो, कान देऊन ऐकतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो. घरातून कुणी कोण आहे म्हणून विचारतही नाही. नव्या सुना पहिले काही दिवस दचकतात, मग त्याही दुसऱ्यांच्या कणग्या ठोकायला लागतात.

पण भोळेपणाचा समज मनातून काढून टाका. या सगळ्या मुलखात पांगरदऱ्याइतकं संशयी गाव सापडायचं नाही. इथली माणसं दुधाचं भांडं उन्हात तिरकं धरून बघतात. सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा पाणी पिऊन उठेपर्यंत त्याच्या बैलांचे दात कुणीतरी तपासून आलेलं असतं. कणगी बाहेर आली तीही संशयापायीच. ती कशी आली हे गावातले जाणते लोक जसं सांगतात तसं सांगतो. त्यात कुणाचं कौतुक करण्यासारखं फारसं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्या काळी म्हणे देशात कुणाचं राज्य आहे हेच धड कळत नव्हतं. आज एका ठाणेदाराचे स्वार यायचे, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचे. शेतसारा दोघांनाही हवा असायचा आणि तो धान्यातच हवा असायचा. खळ्यावर रास लागली की स्वार आलेच. तेव्हा पांगरदऱ्याच्या लोकांनी जमिनीत पेवं खणली. इथला मुरूम कठीण, पाणी धरत नाही. आत कडबा लावायचा, धान्य भरायचं, वर भुस्सा, त्यावर दगड आणि दगडावर शेणामातीचा गिलावा. वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नसे. स्वार भिंती ठोकून जात आणि रिकाम्या हातानं परतत.

पुढं स्वार यायचे थांबले, पण लपवण्याची सवय थांबली नाही. आधी जे स्वारांपासून लपवायचं ते आता शेजाऱ्यापासून लपवायला लागले. भाऊ भावाला सांगेना. नवरा बायकोला सांगेना, कारण बायका विहिरीवर बोलतात अशी पुरुषांची पक्की समजूत. विहिरीवर बायका एवढंच बोलत, की आमच्या घरात काही नाही. जिच्या घरात जास्त ती जास्त रडायची.

अशात पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरंही कोरडंच गेलं. घाटाखालच्या व्यापाऱ्यांनी दर असा चढवला की बैलाच्या बदल्यात पायलीभर नाचणी मिळेना. गावात धान्य नव्हतं असं नाही. त्याआधीचं साल भरघोस गेलं होतं आणि पेवं तेव्हाच भरली होती. पण ज्यानं आधी बाहेर काढलं त्याचं आधी संपणार आणि मग इतर त्याची मजा बघणार, अशी प्रत्येकाला खात्री. म्हणून सगळेच उपाशी असल्याचं सोंग करत आणि सगळेच एकमेकांचं सोंग पकडायच्या मागं. भाकरी थापल्याचा आवाज शेजारी जातो म्हणून बायका कण्या शिजवू लागल्या. जात्याखाली गोधडी घालून दळू लागल्या. कुणाच्या अंगणात चिमण्या उतरल्या की समोरच्या घरातले चारही डोळे तिकडं लागत. अंगणात चिमणी उतरणं त्या वर्षी बदनामीची गोष्ट होती.

हौसा त्या गावात नांदत होती. तिचा नवरा पिराजी दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी बैल जगवायला कोकणाकडं घेऊन गेला. जाताना चौकटीत उभा राहून म्हणाला, "पोरीला जप. कायबी अडलं तरी घर सोडू नगंस." दुसरं काही बोलला नाही. त्या वाटेनं गेलेल्या पुष्कळ माणसांबरोबर तोही परत आला नाही. पटकीनं गेला असं काही सांगतात, काहींच्या मते त्यानं तिकडं दुसरा संसार थाटला. हौसाच्या घरात उरली ती आणि तिची पोर चंद्री. कणगीच्या तळाशी होतं तेवढं संपलं, मग करडईचा पाला, मग बाभळीच्या शेंगा. चंद्री चालताना भिंतीला हात धरू लागली. हौसाला जगात एकच गोष्ट हवी होती, ही पोर पावसाळा बघायला शिल्लक राहावी.

हौसाच्या गोठ्याची आणि राणूच्या घराची भिंत एकच. राणू हा गावकीच्या नात्यानं तिचा दीर, बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई बाळाई असं त्याचं घर. बाळाई गावची सुईण. चंद्रीला तिनंच जन्माच्या वेळी हातात घेतलं होतं, नाळही तिनंच कापली होती. पण आता दोन्ही घरांचं बोलणं बंद पडलं होतं. भांडण झालं नव्हतं, एकमेकांच्या दारात कुणी फिरकतच नव्हतं.

त्याचं कारण होतं मुंग्या. सामाईक भिंतीच्या बुडातून मुंग्यांची एक रांग निघायची आणि राणूच्या अंगणातून पलीकडं कुंपणात जायची. प्रत्येक मुंगीच्या तोंडात ज्वारीचा दाणा किंवा दाण्याचा तुकडा. हौसा कुंपणावरून रोज ते बघायची. राणूच्या घरात ज्वारी आहे हे तिच्यापुरतं सिद्ध झालं. ती चिडायची, मग आपल्याच चिडण्याची तिला लाज वाटायची, मग चंद्रीच्या हातापायांच्या काड्या बघून पुन्हा चिडायची.

एका संध्याकाळी हौसानं चंद्रीला जवळ घेतलं तर पोरीच्या तोंडाला उकडलेल्या हुलग्यांचा वास आला. "कुनी दिलं?" तिनं विचारलं. पोरगी बोलेना. हौसानं दंडाला धरून हलवलं, तरी बोलेना. हौसानं आपल्या मनानंच उत्तर जुळवलं. राणूच्या पोरांनी खाता खाता सांडले असतील आणि हिनं मातीतून उचलून खाल्ले असतील. त्यांच्याकडं सांडायला आहे आणि माझी पोर त्यांची माती चाटते, हे तिला सहन झालं नाही.

ती तडक चावडीवर गेली. पाटील आणि चार कर्ते लोक कडुनिंबाखाली बसले होते. हौसानं आपल्या घरात दाणा नसल्याचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, हुलग्यांचं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "माजं खोटं असंल तर मला गावाभायेर काडा. पन आदी त्येचं घर उकरा."

लोक असं काही ऐकायला टपलेलेच होते. ज्यांच्या घरात पेवं होती ते सगळ्यांत पुढं निघाले, कारण दुसऱ्याचं घर उकरताना आपल्या घराकडं कुणी बघत नाही. पहारी घेऊन गाव राणूच्या दारात आलं. राणू म्हणाला, घरात दाणा नाही. लोकांनी चुलीमागची जमीन उकरली, माजघर उकरलं, आणि चुलीच्या उजव्या अंगाला पुरलेला एक रांजण सापडला. त्यात अर्ध्याच्या वर हुलगे होते. राणू खोटा ठरला. पाटलानं तिथल्या तिथं हुलगे वाटले, घराघराला ओंजळ ओंजळ. राणूलाही एक ओंजळ मिळाली.

गाव ज्वारी शोधायला गेलं होतं आणि सापडले हुलगे. मुंग्यांच्या तोंडात हुलगे नव्हते. पण भुकेल्या माणसांना त्या घडीला तो फरक दिसला नाही, आणि हौसाला तो बघायचा नव्हता. राणू उकरलेल्या खड्ड्याच्या काठावर बसून होता. तिच्याकडं बघून म्हणाला, "तुज्या भित्तीतनं ज्वारी येती वैनी. म्या रोज बगतोय. म्या कदी चावडीवर गेलो का?"

हौसाला वाटलं, पकडला गेला म्हणून उलट आपल्यावरच ढकलतोय. तिनं वाटणीचे हुलगे घरी आणून शिजवले. चंद्रीनं त्या दिवशी घास तोंडात घेतला नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. हौसाला वाटलं, पोरगी फार थकली.

मग उन्हाळा कडक झाला. ओंजळीभर हुलगे किती पुरणार? गावातली म्हातारी माणसं एकेक करून जाऊ लागली, बाळाईनंही अंथरूण धरलं. चंद्रीची मान ठरेना. गोठा थंड म्हणून मायलेकी दुपारभर तिथंच पडून असत, रिकाम्या गव्हाणीच्या दगडाला टेकून. अशाच एका दुपारी हौसाला त्या मुंग्या पुन्हा दिसल्या. तोंडात ज्वारी, पांढरी, शाळूची. राणूचं घर तर कोपऱ्यान् कोपरा उकरून झालं होतं. त्याच्या मुलांच्या बरगड्या आता मोजता येत होत्या. तरी मुंग्यांचं चालूच.

तेव्हाही तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की राणूनं अजून कुठंतरी लपवलंय. त्याला पुन्हा उघडं पाडायचं म्हणून ती मुंग्यांच्या मागं लागली. काही जण सांगतात, देवीनं मुंग्या पाठवल्या. तसं मानायला हरकत नाही, पण मुंगीला दाण्याचा वास येतो आणि वास येईल तिथं ती जाते, त्यात देवीला बोलवायची गरज नाही. हौसा भिंतीपाशी बसली. रांग येत होती उलट्या बाजूनं. राणूच्या घरातून नव्हे, तिच्याच गोठ्यातून, ती जिथं टेकून बसायची त्या गव्हाणीच्या दगडाखालून.

तिनं पहार घातली. गिलावा फुटला, खाली दगड लागला, दगडाखाली भुस्सा. भुश्शात कोपरापर्यंत हात घातला तेव्हा बोटांना दाणे लागले. वरचे थोडे काळे पडले होते, खालचे गार आणि टणटणीत. पिराजीनं बायकोला न सांगता भरलेलं पेव. घर सोडू नगंस, असं तो का म्हणाला हे तिला आत्ता कळलं. एवढंच सांगायला त्याला धीर झाला, पुढचं सांगायला झाला नाही. ती आणि तिची पोर दोन उन्हाळे त्या धान्यावर बसून उपाशी मरत होत्या.

इथं सांगणारे लोक थोडे थांबतात, कारण पुढचं हौसाला शोभणारं नाही. तिनं इकडं तिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं पदरात मावेल एवढी ज्वारी घेतली आणि पेव पुन्हा बंद केलं. भुस्सा लावला, दगड बसवला, शेणाचा हात फिरवला. घराचं दार लोटून घेतलं, जात्याखाली गोधडी घातली आणि दळलं. तिला अपराधी वाटलं नाही. उलट हायसं वाटलं, की आता आपलीही पोर वाचेल आणि कुणाला कळणार नाही.

पातळ पेज करून तिनं चंद्रीला पाजली. पोरगी हळूहळू अर्धी वाटी प्यायली, मग तोंड बाजूला केलं.

"ऱ्हायलेली बाळाईला न्ये," चंद्री म्हणाली.

"बाळाईला कशापायी?"

"ती मला हुलगं द्यायची. भित्तीच्या भोकातनं. तिच्या वाटणीचं. कुनाला सांगू नगंस म्हनली, राणूकाका रागवंल."

म्हातारी स्वतःच्या ताटातली मूठ रोज बाजूला काढत होती. तिच्या मुलालाही ते ठाऊक नव्हतं. आणि त्याच मुठीच्या वासावरून हौसानं त्यांचं घर उकरवलं होतं. तिला पोरीचा भयंकर राग आला, हे आधी का नाही बोलली म्हणून. मग दंडाला धरून हलवलं होतं ते आठवलं आणि तिला रडू फुटलं.

तिनं पातेलं उचललं आणि राणूच्या दारात गेली. राणू दारातच आडवा झाला.

"ह्ये कुठनं आनलंस?"

"माज्या घरचं हाय. बाळाईला द्यायचंय."

"तुज्या घरात तर दाना न्हवता. चावडीवर तूच सांगितलंस."

"राणू भावजी, आदी तिला पाजू द्या. मग काय ते इचारा."

राणू हलला नाही. त्याच्या मनात काय काय आलं असेल. हिनं आपलेच हुलगे चोरले असतील, नाहीतर हिला पाटलानं परत काही शोधायला पाठवलं असेल, नाहीतर यात धोतऱ्याचं बी घातलं असेल. तो म्हणाला, "आदी तू पी." हौसा प्यायली. "आनिक पी." तिनं आणखी घोट घेतला. तरी तो तिच्या चेहऱ्याकडं बघत उभा राहिला, ती पडते का ते पाहत. अखेर तो बाजूला झाला आणि हौसा आत गेली, तेव्हा बाळाईच्या ओठांशी लावलेली पेज हनुवटीवरून खाली ओघळली. म्हातारीनं डोळे उघडले नाहीत. काही लोक म्हणतात, ती आधीच गेली होती आणि दारातल्या उशिरानं काही बिघडलं नाही. राणूला बरं वाटावं म्हणून गावानं तसं ठरवलं असावं.

बाळाईची माती करून लोक परतले तेव्हा हौसाच्या ओट्यावर कणगी उभी होती. घरातली जुनी कणगी तिनं एकटीनं ओढत बाहेर आणली होती आणि पेवातली ज्वारी पाटीपाटीनं तीत भरत होती. गोठ्यात पेवाचं तोंड उघडं, दगड बाजूला. माणसं जमली पण पुढं कुणी येईना. पाटील पुटपुटला, यात काहीतरी मेख आहे. कुणी म्हणालं, खाली भुस्सा भरला असेल आणि वर दोन बोटं ज्वारी पसरली असेल.

मग राणू ओट्यापाशी आला. त्याच्या हातात आईची काठी होती. त्यानं ती कणगीवर आपटली, वर एकदा, मधे एकदा, अगदी बुडाशी एकदा. भुश्शाचा आवाज वेगळा, रिकाम्या कणगीचा त्याहून वेगळा. हा आवाज भरीव, ठस लागला. राणूनं कुणाकडं न बघता मान हलवली.

हौसा म्हणाली, "ज्याची कनगी ओट्यावर ईल त्यानं हितनं ज्वारी न्यावी. ज्याची घरात ऱ्हाईल त्याला दाना मिळायचा न्हाय. बाळाईची आन हाय मला."

त्या दिवशी कुणी काही आणलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राणूनं आपली रिकामी कणगी ओट्यावर ठेवली, हौसानं त्यात ज्वारी ओतली. ते पाहून ज्यांच्या घरात खरंच काही नव्हतं अशी माणसं आली. हौसाच्या कणगीत हात घालताना त्यांना लाज वाटली नाही, पण ज्यांची पेवं भरलेली होती त्यांच्या दारासमोरून जाताना ती माणसं मुद्दाम थांबू लागली. पोटात अन्न गेल्यावर माणसाच्या नजरेत बळ येतं. त्या नजरा पेववाल्यांना झेपेनात. एक कणगी बाहेर आली, मग आणखी एक. पाटलाची सगळ्यांत शेवटी आली आणि सगळ्यांत मोठी होती.

पेवं उघडली तेव्हा कळलं की गावात पाऊस येईपर्यंत पुरेल आणि पेरायलाही उरेल एवढं धान्य होतं. काही पेवं कधी उघडलीच नव्हती म्हणून आतलं धान्य सडून काळं झालं होतं. काही घरं बंद होती, माणसं देशोधडीला लागलेली किंवा मेलेली, आणि त्यांच्या जमिनीखालीही पेवं निघाली. ज्यांनी ती भरली त्यांनी घरच्यांना ती कधी दाखवलीच नव्हती.

पाऊस आला, पेरण्या झाल्या. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. राणूनं हौसाला माफ केलं नाही. तो रोज सकाळी शेतावर जाताना आईच्या काठीनं तिची कणगी ठोकायचा, आवाज ऐकायचा आणि एक शब्द न बोलता पुढं जायचा. ती पुन्हा काही लपवते की काय, हा संशय त्याच्या मनातून कधीच गेला नाही. हौसानंही त्याची कणगी ठोकायला सुरुवात केली. त्या दोघांचं बघून सगळं गाव ठोकू लागलं, कारण शेजारी ठोकतो आणि आपण ठोकत नाही म्हणजे आपण मूर्ख ठरतो.

बऱ्याच वर्षांनी एकदा हौसाच्या शेतावर टोळ उतरले. फक्त तिच्याच पट्टीवर उतरले म्हणे, नाहीतर तसं तिनं सांगितलं. राणूनं सकाळी कणगी ठोकली आणि आवाज पोकळ आला. त्यानं पुन्हा ठोकली, बुडाशी ठोकली. पोकळच. हौसा चौकटीत उभी होती. आता दोघंही म्हातारे झाले होते, चंद्री लग्न होऊन सासरी गेली होती.

"खाली पुरलं असशील," राणू म्हणाला.

"उकरून बगा."

घर उकरायला राणूला पहार आणावी लागली असती आणि ती त्याच्या घरात होती. तो घरी गेला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पहार नव्हती, ज्वारीचं पोतं होतं. ते त्यानं कणगीत रिकामं केलं, काठीनं ठोकून आवाज बघितला आणि म्हणाला, "तुज्यावर माजा इस्वास न्हाय, वैनी. उद्याच्याला उकरून बगनार हाय." दुसऱ्या दिवशी तो खरंच पहार घेऊन आला आणि त्यानं गोठा उकरला. खाली काही निघालं नाही. खड्डा बुजवून, शेणाचा हात फिरवून तो निघून गेला.

आजही पांगरदऱ्यात कणगीचा आवाज पोकळ आला की त्या घराला कुणी खरं-खोटं विचारत नाही. ऐकणारा घरी जातो, आपल्या कणगीतलं काढतो आणि आणून ओततो. मग ओट्यावर बसून आरामात चौकशी सुरू होते, शेत कसं गेलं, धान्य विकलं का, कुठं ठेवलं, खोटं बोलतोस का. ती चौकशी दिवसभरही चालते. संशय घ्यायला या गावात कुणाची ना नाही, फक्त तो ओतून झाल्यावर घ्यायचा.